अमरसिंहाचा आग्रह

अमरसिंहाच्या हातात वाढायची पळी आली की समोरच्याने पोटाची आशा सोडावी, असं त्याच्या गावात थट्टेनं म्हणत. गाव कागलच्या जवळ. लग्न असो, जत्रा असो की कुणाची वास्तुशांत, वाढप्यांमध्ये अमरसिंह सगळ्यात पुढे. उंचापुरा गडी, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही बासुंदी आल्याचं कळावं. "पावणं, घ्या की! लाजताय काय? आपलंच घर हाय!" पाहुण्याने वाटीवर हात आडवा धरला, तर हा बोटांच्या फटीतून ओतायचा. पाहुणा ओरडायचा, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि यजमानाची मान ताठ व्हायची.

'नको' हा शब्द त्या गावात नकाराचा नव्हताच मुळी. पहिला 'नको' लाजेचा, दुसरा रीतीचा, आणि तिसऱ्यानंतर खरी पंगत सुरू होते, असा तिथला हिशेब. पहिल्याच 'नको'ला हात मागे घेणारा वाढपी म्हणजे कद्रू घरातला. भुकेल्या पाहुण्यानेसुद्धा आधी नको म्हणायचं आणि मग पोटभर जेवायचं. अमरसिंह या रीतीत वाढला होता. मायेनं वाढायचं म्हणजे समोरच्याचं ऐकायचं नाही, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

कोल्हापुरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तो उचगावच्या बाजूच्या एका वसतिगृहात राहायला आला, तेव्हा पहिला महिना त्याने भिंतीकडे तोंड करून काढला होता. गाव हाकेच्या अंतरावर असताना घरची आठवण काढणं एवढ्या धिप्पाड पोराला शोभत नव्हतं, म्हणून तो कुणाशी बोलतही नव्हता. त्याला माणसात आणलं ते पावण्यांच्या पंगतीनं. वसतिगृहाची ती जुनी रीत. नव्या पोरांना महिनाभर 'पावणं' म्हणायचं, आणि मग एका रविवारी दुपारी मेसमध्ये मांडी घालून बसवायचं. त्या दिवशी वरच्या वर्षाच्या पोरांनी रांधायचं, त्यांनीच वाढायचं. त्या पंगतीत अमरसिंहाने बासुंदीच्या इतक्या वाट्या रिचवल्या की वाढणारे थकले आणि टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तो 'बासुंदीबहाद्दर' झाला. त्या दुपारी त्याला पहिल्यांदा वाटलं, ही आपली माणसं आहेत.

ते खोटंही नव्हतं. पण रीत दरसाल थोडी थोडी सरकत होती. आधी नुसता आग्रह होता. मग पावण्याने हार मानायची नाही असं ठरलं. मग ताटात काही टाकायचं नाही, हा नियम आला. अन्न टाकू नये हे तर घरोघरी शिकवतात, त्यात कुणाला काय वावगं वाटणार? वाढणारा थांबणार नाही आणि खाणाऱ्याने टाकायचं नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या. पण दोन्ही एकाच पोरावर एकाच वेळी लादल्या की त्याला पळायला वाट राहत नाही. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण पोटात बासुंदी असलेल्या माणसाचं डोकं तसंही जरा मंद चालतं.

प्रवेशाच्या वेळी सगळ्यांनी रॅगिंग करणार नाही असं लिहून दिलेलं होतं. "आमी कुठं रॅगिंग करतोय?" अमरसिंहाच्या खोलीत राहणारा सम्राट छाती पुढे काढून म्हणायचा. "रॅगिंग म्हंजे मारणं, उठाबश्या काढाय लावणं. आमी तर जेवाय घालतोय!" अमरसिंहाला हे पुरतं पटलेलं होतं.

तो तिसऱ्या वर्षाला गेला तेव्हा पंगतीची सगळी सूत्रं त्याच्या हाती आली. त्याचे वडील आकाराम कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जायचे आणि घरी म्हशींच्या धाराही काढायचे. अमरसिंहाने घरचं दूध आणवलं. सकाळपासून कढईपुढे उभा राहून, घाम पुसत, तळाला लागू न देता त्याने बासुंदी आटवली. वेलदोडा, जायफळ, वर चारोळी. स्वतःच्या बहिणीच्या लग्नातही त्याने एवढा जीव ओतला नसता.

नव्या पोरांमध्ये सौमित्र नावाचा एक होता. पन्हाळ्याचा, अंगाने बारीक, बोलणं हळू. मेसमधून उठताना स्वतःचं ताट स्वतः विसळून ठेवायचा आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना "छान झालं होतं" असं सांगून जायचा. अमरसिंहाला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता. या पोराच्या अंगाला जरा मांस लागलं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणून पंगत बसली तेव्हा बासुंदीची बादली घेऊन तो सगळ्यात जास्त वेळा सौमित्रपुढेच थांबला.

पहिली वाटी सौमित्रने आवडीने संपवली. दुसरी हसत संपवली. मग तो "नको" म्हणाला आणि सगळे हसले. "पावणं लाजतंय!" सम्राट मोबाइल समोर धरून ओरडला. अमरसिंहाने वाटी भरली. पुन्हा "नको", पुन्हा हशा, पुन्हा वाटी. सौमित्रने हात आडवा धरला, तर अमरसिंहाने आपलं गाजलेलं कसब दाखवलं आणि बोटांच्या फटीतून धार सोडली. बासुंदी मनगटावरून बाहीत ओघळली. मेस दणाणून गेली. त्यानंतर सौमित्र काही बोलला नाही. खाली मान घालून वाटीमागून वाटी पीत राहिला, आणि शेवटी पंगतीतच, सगळ्यांदेखत, त्याला भडभडून उलटी झाली.

अमरसिंह धावला. पाणी दिलं, पाठ चोळली, फरशीही त्यानेच पुसली. "हुतंय असं, पयल्यांदा मलाबी जड गेलतं," अशी समजूतही घातली, आणि ती धादांत खोटी होती. संध्याकाळपर्यंत सम्राटने केलेला व्हिडिओ सगळ्या पोरांच्या मोबाइलवर पोचला होता. सकाळी सौमित्रची कॉट रिकामी होती. गादी गुंडाळलेली, बादली-मग जागच्या जागी, बॅग तेवढी नाही. दोन दिवसांनी रेक्टर सर मेसमध्ये येऊन म्हणाले, "पन्हाळ्याचा मुलगा प्रवेश रद्द करतोय. घरून फोन होता. इथं काही झालं का रे?" कुणीच तोंड उघडलं नाही. अमरसिंहानेही नाही.

"जाऊ दे की," सम्राट खोलीत आल्यावर म्हणाला. "दूध पचंना त्याला, त्याला आपण काय करणार?"

पण अमरसिंहाचं तेवढ्यानं समाधान होईना. पश्चात्ताप वगैरे अजून झाला नव्हता, उगाच त्याला मोठेपणा देण्यात अर्थ नाही. त्याला लागलं होतं ते वेगळंच. त्याच्या गावात पंगतीतून पाहुणा रुसून उठला, तर त्याला हाताला धरून परत आणायची जबाबदारी वाढप्याची. आपल्या हातचं खाऊन एक पोरगं शिक्षण सोडून चाललंय, ही नामुष्की त्याला सोसवेना. पोराला परत आणायचं, त्याने ठरवलं. आणि त्याच्या गावचा माणूस अशा वेळी जे करेल, तेच त्याने केलं. घरी जाऊन आईकडून पुन्हा बासुंदी करून घेतली, किटली भरली, मोटरसायकलच्या हँडलला अडकवली आणि पन्हाळ्याची वाट धरली.

घाटात किटली हिंदकळू नये म्हणून तो इतका जपून चालला की मागून येणारे टेम्पोवाले शिव्या घालून पुढे गेले. सौमित्रच्या घराचं दार सौमित्रनेच उघडलं. त्याने अमरसिंहाकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं. झाकणाच्या फटीतून वेलदोड्याचा वास आला असावा. पोराचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो तसाच आत निघून गेला. उंबऱ्यावर किटली घेऊन उभ्या राहिलेल्या अमरसिंहाला आयुष्यात पहिल्यांदा बासुंदीची लाज वाटली.

बाहेर आल्या त्या सौमित्रच्या आई, कालिंदीताई. तालुक्याच्या कचेरीत नोकरी करणारी, मोजकं बोलणारी बाई. नाव ऐकल्यावर कोण आलंय ते त्यांना कळलं. दार लावून घेतलं असतं तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण त्या म्हणाल्या, "आत ये. किटली बाहेर राहू दे."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. आतून थालीपीठ भाजल्याचा वास येत होता. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. कालिंदीताईंनी एका ताटलीत थालीपीठ आणलं, वर लोण्याचा गोळा. "खाऊन घे थोडं," त्या म्हणाल्या.

"नको, नको काकू," अमरसिंह रीतीप्रमाणे म्हणाला.

"बरं," म्हणून कालिंदीताई ताटली घेऊन आत गेल्या.

अमरसिंह बघतच राहिला. त्याला वाटलं, लोणी कमी पडलं म्हणून आणखी आणायला गेल्या असतील. तो ताठ बसून वाट पाहू लागला. कालिंदीताई हात पुसत बाहेर आल्या आणि रिकाम्या हातांनी समोर बसल्या. आत थालीपिठाचा वास तसाच दरवळत होता, आणि अमरसिंहाच्या पोटाने इतक्या मोठ्याने आवाज केला की दोघांनाही तो ऐकू आला.

"अरे, तुला भूक लागलीय की!" त्या म्हणाल्या. "मग नको का म्हणालास?"

"न्हाय... म्हंजे तसं म्हणायचं असतंय की, काकू. तुमी परत म्हणशीला असं वाटलं."

कालिंदीताईंना हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. त्यांनी ताटली परत आणून त्याच्यासमोर ठेवली. "मी लग्न होऊन सासरी आले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा प्रत्येक नातेवाइकाकडे जेवायला बोलवायचे. नवी नवरी म्हणून सगळे आग्रह करायचे. मी नको म्हटलं की हसायचे आणि आणखी वाढायचे. किती वेळा मोरीत जाऊन रडलेय मी. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात कुणी नको म्हटलं की ते नको. एकदा विचारायचं, मनापासून विचारायचं, आणि उत्तर ऐकायचं. सौमित्र याच घरात वाढलाय रे. 'नको'चा आणखी काही अर्थ असतो, हे त्याला माहीतच नाही. तुमच्या पंगतीत तो किती वेळा नको म्हणाला?"

थालीपिठाचा घास अमरसिंहाच्या हातातच राहिला. किती वेळा, ते त्याला सांगता येईना. त्याने मोजलंच नव्हतं. तो आवाज त्याच्या कानावर पडला होता, पण ऐकू आला नव्हता.

"तुमच्याकडे व्हिडिओ असेल ना, अमरदादा?" सौमित्र आतल्या दारात येऊन उभा होता. "सगळ्यांकडे आहे. एकदा आवाज मोठा करून ऐका."

अमरसिंहाने मोबाइल काढला. त्याने तो व्हिडिओ आधी पाहिला होता, स्वतःचं कसब कसं दिसतंय ते बघायला. आता तिघांनी मिळून ऐकला. हशाच्या खाली, अगदी तळाशी, एक बारीक आवाज होता. "नको." मग "नको ना, दादा." मग "खरंच नको, मला होत नाहीये." आणि त्यानंतर काहीच नाही. त्या गप्प झालेल्या जागी अमरसिंहाचा स्वतःचा खणखणीत आवाज होता, "बघा, आता लाजत न्हाय पावणं!"

"तुम्ही वाईट हेतूने वाढलं नाहीत, हे कळतं मला," सौमित्र म्हणाला. "पण प्रत्येक वेळी मी नको म्हटलं की सगळे हसायचे. म्हणून मग मी म्हणायचंच सोडलं. आणि तुम्हाला वाटलं, मला हवंय."

अमरसिंहाचे डोळे भरून आले. एवढा मोठा गडी परक्याच्या घरात, हातात लोण्याने माखलेला घास घेऊन रडला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाय रं. पाया पडतो तुझ्या, पर शिक्षण सोडू नगंस."

"माझ्यासमोर म्हणालात, बरं वाटलं," सौमित्र म्हणाला. "पण हसली ती सगळी मेस होती."

एवढंच बोलून तो आत गेला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. आणि अमरसिंहाच्या जन्मात पहिल्यांदाच असं झालं, की त्याने आग्रह केला नाही. थालीपीठ संपवलं, ताटली विसळून ठेवली आणि भरलेली किटली तशीच घेऊन घाट उतरला.

त्या संध्याकाळी मेस भरलेली असताना तो उभा राहिला. भाषण काय द्यायचं ते घाटभर ठरवत आला होता, पण बोलायची वेळ आली तेव्हा त्यातलं काहीच आठवेना. त्याने नुसता मोबाइल वर धरला आणि व्हिडिओ लावला. चित्र कुणाला दिसत नव्हतं, फक्त आवाज. "नको. नको ना, दादा." हसायला कुणी धजलं नाही. "ह्यो आवाज मी ऐकला न्हाय," अमरसिंह म्हणाला. "तुमीबी ऐकला न्हाय. आपुन जेवाय घालत हुतो असं म्हणतोय आपुन. पर त्याला थांब म्हणता येत नव्हतं, आनि म्हटलं तर आपुन हसत हुतो. मग ती थट्टा कसली? मी रेक्टरांकडं निघालोय. माझं नाव मी सांगणार हाय. बाकीच्यांनी आपलं आपुन बघा."

"आपल्याच माणसांस्नी गोत्यात आणतोस व्हय रं?" सम्राट तावातावाने उठला.

"त्यो पोरगाबी आपलाच हुता की," अमरसिंह म्हणाला.

रेक्टर सरांनी सगळं ऐकून घेतलं, वर कळवलं, आणि चौकशीत अमरसिंहाला त्या सत्रापुरतं वसतिगृह सोडावं लागलं. स्वतःहून सांगितलं म्हणून एवढ्यावर निभावलं. आकाराम रागाने काही दिवस पोराशी बोलले नाहीत. अमरसिंह रोज गावाहून एस.टी.ने ये-जा करू लागला. घरी आणखी एक पंचाईत झाली. आई ताटात भाकरी टाकायला आली की तो म्हणायचा, "आई, नको म्हंजे खरंच नको." माऊली घाबरली. पोराला काहीतरी लागीर झालंय किंवा पोटाचं दुखणं तरी आहे, असं समजून तिने चार दिवस त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग एकदा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने चुलीतले निखारे सारखे केले आणि ती म्हणाली, "मला कदी कुणी इचारलंच न्हाय, हवं का नको." त्यानंतर तिने वाढायच्या आधी त्याला विचारायला सुरुवात केली. तिलाही कुणीतरी विचारावं, म्हणून तोही तिला विचारू लागला.

सम्राटने व्हिडिओ काढून टाकला आणि इतरांनाही टाकायला लावला, पण अमरसिंहाशी तो बरेच दिवस फटकूनच होता. आणि एका सोमवारी, वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, सौमित्र दिसला. पाठीला बॅग. त्याने लांबूनच हात केला. अमरसिंहाला धावत जाऊन मिठी मारावीशी वाटली, पण त्यानेही फक्त हात केला, आणि दिवसभर एस.टी.तल्या अनोळखी लोकांशीसुद्धा हसून बोलत राहिला.

पुढच्या वर्षी पंगत ठेवायची की बंद करायची, यावर मेसमध्ये दोन तट पडले. बंदच करा, म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. अमरसिंह वसतिगृहात परत आला होता, पण या वेळी तो तोंड मिटून बसला. ठेवूया, असं म्हणाला तो सौमित्र. "पहिल्या आठवड्यात मला घरची फार आठवण यायची," तो म्हणाला. "पंगत आहे म्हटल्यावर मी खूश झालो होतो. पहिल्या दोन वाट्या खरंच छान होत्या." मग अटी ठरल्या. ज्याला यायचं त्याने यावं. ताटात राहिलं तर राहू दे. मोबाइल बाहेर. आणि वाटीवर हात आला की पळी मागे.

वाढायला कोण, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी अमरसिंहाकडे पाहिलं, आणि अमरसिंहाने सौमित्रकडे. सौमित्रने मान डोलावली.

रविवारी दुपारी पंगत बसली. नवी पोरं दबकून बसली होती, कारण मागच्या वर्षीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. जुनी पोरंही त्यांच्यातच मांडी घालून बसली. अमरसिंह बादली घेऊन निघाला. "घ्या की, पावणं!" आवाज तोच, मेसच्या काचा हलवणारा. तिसऱ्या पाटावर एक गोलमटोल पोरगं होतं. त्याने वाटीवर हात ठेवला. "नको, दादा."

सवय वाईट. अमरसिंहाची पळी पुढे गेलेलीच होती. बासुंदीचा थेंब पळीच्या काठावर लोंबकळत होता. सगळी मेस श्वास रोखून बघू लागली. सम्राटसुद्धा. अमरसिंहाने पळी मागे घेतली, बादलीत ठेवली आणि म्हणाला, "बरं."

पोरगं वर बघत राहिलं, अजून काहीतरी होईल म्हणून. काहीच झालं नाही. त्याचे खांदे सैल झाले आणि ते शेजारच्याशी गप्पा मारू लागलं.

अमरसिंह पुढे सरकला. पंगतीच्या टोकाला सौमित्र बसला होता, वर्षभरात बासुंदीला न शिवलेला. त्याच्यासमोर वाटी मांडलेली नव्हती, ठरवूनच. अमरसिंह न थांबता त्याच्या पुढून निघाला.

"अमरदादा," मागून हाक आली.

तो वळला. सौमित्रने शेजारच्याची रिकामी वाटी पुढे ओढून घेतली होती आणि दोन्ही हातांनी ती वर धरली होती.

"मला वाढा की," सौमित्र म्हणाला.

अमरसिंह दोन पावलं मागे आला. त्याने अर्धीच पळी भरली, वाटीत ओतली आणि थांबून विचारलं, "आणखी?"